दीड हजार लेखांचा मेनू कसा मांडावा? सल्ला हवा

धागाकर्ती :
बागकामावरची वेबसाइट सात वर्षं सांभाळते आहे. झाडं, रोग, माती, अवजारं असे दीड हजारांवर लेख झालेत. नवा विषय आला की मेनूत एक ओळ वाढवायची, असं करत करत तीन पातळ्या झाल्या आणि ‘इतर’मध्ये ३०० लेख साठले. गुलाबाच्या पानांवरच्या काळ्या ठिपक्यांवर चार लेख असूनही वाचक ईमेलने विचारतात, ‘यावर काही लिहिलंय का?’ फार वाईट वाटतं. मेनूत सातच पर्याय असावेत म्हणतात, ते खरं का? सुरुवात कुठून करू?

चिठ्ठीचपाटी :
मेनूला इतक्यात हात लावू नका. आधी त्या ईमेल आणि साइटच्या शोधपेटीत लोकांनी टाइप केलेले शब्द एकत्र काढा. तुम्ही ‘बुरशीजन्य रोग’ लिहिलं असेल, वाचक ‘काळे ठिपके’ शोधतोय.

मग कार्ड सॉर्टिंग करा. चाळीसेक लेखांची शीर्षकं चिठ्ठ्यांवर लिहून वाचकांना गठ्ठे करायला द्या, गठ्ठ्यांची नावंही त्यांनाच ठेवू द्या. एकच शब्द अनेक चिठ्ठ्यांवर येऊ देऊ नका, नाहीतर लोक अर्थ न बघता शब्दच जुळवत बसतात. त्यातून जो आराखडा निघेल तो रंगरूप न देता, नुसत्या शब्दांत दाखवा आणि विचारा : ‘गुलाबाची पानं पिवळी पडताहेत, कुठे बघाल?’ याला ट्री टेस्टिंग म्हणतात. लोक कुठे चुकून शिरतात ते इथे स्वच्छ दिसतं. मी हे न करता एकदा थेट डिझाइनला बसलो होतो, सगळं काम पुन्हा करावं लागलं.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातून आला. तो लेख स्मरणशक्तीबद्दल आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. सात मोघम शब्दांपेक्षा बारा स्पष्ट शब्द बरे.

पैलूदार :
वरचं सगळं पटलं, पण झाडाच्या फांद्यांसारखा विभाग-उपविभागांचा नुसता मेनू पुरणार नाही. ‘पावसाळ्यात गुलाबाला लागणारी बुरशी’ हा लेख गुलाबात ठेवाल, रोगांत की ऋतूत? हा पेच ग्रंथालयांचा जुनाच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण ही पुस्तकं लावण्याची पद्धत मांडली तेव्हा एकेका विषयाचे पैलू सुटे केले आणि ते जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवला. तुमचे पैलू : कोणतं झाड, कोणता भाग, कोणती तक्रार, कोणता ऋतू. प्रत्येक लेखाला ही माहिती जोडा आणि यादीच्या बाजूला फिल्टर द्या. लेखाचा वेबपत्ता (URL) मात्र एकच हवा, वाटा कितीही असोत. फिल्टरच्या प्रत्येक पर्यायापुढे लेखांची संख्या दाखवा, म्हणजे कोणी रिकाम्या यादीवर जाऊन आदळणार नाही.

कीबोर्डवाली :
माउस वर नेला की उघडणारा मेनू असेल तर आजच काढा. फोनवर माउस नसतो, आणि मी स्वतः कीबोर्डनेच साइट वापरते.

दुसरं, सर्च इंजिनातून येणारा माणूस मुखपृष्ठावर येतच नाही, थेट लेखात उतरतो. त्याला ‘मुखपृष्ठ › रोग › पानांवरचे ठिपके’ अशी ओळ वर दिसली पाहिजे. लेखाखाली संबंधित लेख हाताने निवडून द्या. आपोआप काढलेल्या यादीत बहुतेकदा नुसते ताजे लेख येतात.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार! रविवारी सहा जणांना चिठ्ठ्या दिल्या. ‘अवजारं’ हा गठ्ठा एकानेही केला नाही. कात्री छाटणीत गेली, झारी पाणी घालण्यात. सात वर्षं तो विभाग मी मेनूत पहिल्या जागी ठेवला होता. आता जुने पत्ते बदलले तर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक तुटतील ना?

चिठ्ठीचपाटी :
प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नका. आणि पुढच्या खेपेला हे नको असेल, तर पत्त्यात विभागाचं नाव घालूच नका.