परदेशातल्या घरी जेवलेला एक घास: आपापले अनुभव लिहावेत

वांद्रेकर:
डिसेंबर लागला की वांद्र्याच्या गल्ल्यांतून घरोघरी कागदी चांदण्या टांगल्या जातात. काल बाजारातून परतताना त्या दिसल्या आणि क्राकूवमधली एक संध्याकाळ आठवली, म्हणून हा धागा काढते आहे. पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला ‘विगिलिया’ म्हणतात आणि आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही. मी तेव्हा तिथे शिकत होते. सुट्टीत वसतिगृह ओस पडले होते, आणि वर्गमैत्रिणीच्या आईने मला आग्रहाने घरी बोलावून घेतले. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली वाळलेले गवत पसरलेले होते आणि एक ताट जास्तीचे मांडलेले होते, कारण त्या रात्री अवचित दाराशी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचे नाही, अशी तिथली रीत आहे. ते ताट माझ्यासाठीच असावे असे मला वाटले होते. परंतु मला आजींच्या शेजारी बसवण्यात आले आणि ते ताट शेवटपर्यंत रिकामेच राहिले. त्या घराने मला अवचित आलेल्यांत धरले नव्हते, घरच्यांत मोजले होते, हे कळले तेव्हा माझा गळा दाटून आला. जेवणापूर्वी आजींनी एक पातळ पांढरी पापडी माझ्यापुढे धरली. मी तिचा तुकडा मोडला, त्यांनी माझ्या हातातल्या पापडीचा मोडला, आणि मग त्यांनी माझ्या आईवडिलांच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा दिल्या. प्रथेप्रमाणे बारा पदार्थ होते आणि मांस एकातही नव्हते. त्यातले बिटाचे आंबटसर सार मी आजही घरी करते.

मूळची कोल्हापूरची, आता परळ:
हे वाचून राहवले नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश कुटुंबांची मोठी छावणी आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० माणसे राहिली आणि त्यांत बायका व मुलेच अधिक होती. त्या घरात कोणाला कोल्हापूर ठाऊक होते का, ताई?

वांद्रेकर:
होते! आजींच्या एका मैत्रिणीचे बालपण वळिवड्यात गेले होते. मी महाराष्ट्रातली आहे हे समजल्यावर आजींनी त्याच रात्री तिला फोन लावला.

डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका:
आम्ही दोघे इथिओपियात शिकवत होतो. तिथे एका मोठ्या गोल थाळीत टेफ नावाच्या बारीक धान्याचा आंबवलेला इंजेरा अंथरतात, त्यावर कालवणे वाढतात आणि सगळे जण त्याच थाळीतून उजव्या हाताने जेवतात. उष्ट्याखरकट्याचे कडक नियम असलेल्या घरात मी वाढले, त्यामुळे पहिल्या दिवशी माझा हात थाळीपर्यंत जाईना. हे शेजारच्या आजींच्या लक्षात आले असावे. त्यांनी इंजेऱ्यात शिरो गुंडाळून भला मोठा घास केला आणि सरळ माझ्या तोंडात भरवला. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात आणि तो नाकारणे शिष्टसंमत नाही. शिरो हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या पिठाचा असतो. तिखटजाळ, दाट, अगदी आपल्या पिठल्यासारखा. तो घास गिळताना मला माझी आई आठवली. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे आम्हा शाकाहाऱ्यांना ते दोन दिवस फार सुखाचे जात. जेवण झाल्यावर हिरव्या कॉफीबिया आपल्यासमोर भाजतात आणि कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. तिसरी फेरी घेतल्याशिवाय आम्हाला कोणी उठू देत नसे.

गोरेगावकर:
(लोकलमधून लिहीत आहे, त्रुटी समजून घ्याव्यात.) जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण वरून दिसणाऱ्या माशाची नसते, रश्श्यात मुरलेल्या माशाची असते, कारण तिथला ‘दाशी’ हा मूळ रस्सा बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. ३१ डिसेंबरच्या रात्री सोबा नूडल्स खाण्याची तिथे पद्धत आहे आणि त्यासाठी माझ्या घरमालकीणबाईंनी मला बोलावले होते. त्यांनी कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके अळंबे आदल्या रात्रीच पाण्यात भिजत घातले होते आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात रस्सा केला होता. मी काही सांगितलेले नव्हते; मी काय खातो आणि काय बाजूला ठेवतो, हे त्यांनी वर्षभर पाहून ठेवले होते. इतक्या लक्षपूर्वक मला परक्या गावात दुसऱ्या कोणी जेवू घातलेले नाही.

माहीमची सूनबाई:
सगळे वाचते आहे, कुकरच्या शिट्ट्या मोजत. माझा मुलगा पुढच्या महिन्यात वॉर्सोला जातो आहे. तिथे कोणी जेवायला बोलावले, तर त्याने काय न्यावे?

वांद्रेकर:
फुले अवश्य न्यावीत. मात्र त्यांची संख्या विषम असावी, कारण सम संख्येची फुले तिथे अंत्यविधीला नेतात. चपला दाराशीच काढाव्या लागतील, त्याची त्याला सवय आहेच. सोबत घरचे लाडू द्या.