चर्चा: गव्हाचं जनुक घातलेलं चेस्टनट जंगलात लावावं का?

रानवाट

मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथल्या डोंगरात अमेरिकन चेस्टनट अजून दिसतं, पण वृक्ष म्हणून नाही. जुन्या खुंटातून मनगटाएवढे धुमारे वर आलेले असतात. पानं वीतभर लांब, कडेला आकड्यासारखे दात. खोडाजवळ वाकून पाहिलं तर सालीला उभी चीर, चिरेभोवती बारीक केशरी पुळ्या आणि त्याच्या वरची सगळी पानं भर उन्हाळ्यात वाळलेली. तो धुमारा मरतो, खालून दुसरा फुटतो. शंभर वर्षं हेच चाललंय.

मेनपासून जॉर्जियापर्यंतच्या डोंगररांगांत हे शंभर फुटी झाड होतं. ओकला एका वर्षी भरपूर फळ येतं, दुसऱ्या वर्षी काहीच नाही. चेस्टनट उशिरा, जून-जुलैत फुलायचं, त्यामुळे मोहर थंडीतून वाचायचा आणि बोंडं जवळजवळ दरवर्षी भरायची. अस्वलं, रानटर्की, डोंगरातल्या गरिबांची डुकरं, सगळी त्यावर पोसली जायची. लाकूड सहसा कुजत नाही, म्हणून कुंपणं, रेल्वेचे स्लीपर, तारांचे खांब त्याचेच. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली झाडं वाळू लागली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर बुरशी आली होती. पन्नास वर्षांत ३ ते ४ अब्ज झाडं गेली.

सिरॅक्यूजच्या सरकारी वनशास्त्र कॉलेजात विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी यावर उत्तर शोधलं. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून साल जाळते. गव्हातल्या एका जनुकापासून तयार होणारं विकर (एन्झाइम) ते आम्ल मोडून टाकतं. ते जनुक चेस्टनटमध्ये घातलं आणि २०२० मध्ये हे झाड नियमनातून मोकळं करावं म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे अर्ज केला. माझं मत स्पष्ट आहे: परवानगी द्यावी आणि लावावं. रोग माणसाच्या व्यापारातून आला, तो निस्तरणं माणसाकडेच येतं.

कपाशीकर

रानवाटताई, तळमळ पोचली, पण माझा विरोध आहे. मी यवतमाळचा. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, पहिली काही वर्षं आम्हीही खूश होतो. मग २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्याच्या पऱ्हाट्या पोखरल्या. बोंड वरून साजरं दिसायचं, फोडलं की आत सरकी खाल्लेली आणि कापूस पिवळा पडलेला. किडीनं वाट काढली होती.

कापूस तरी दरवर्षी उपटता येतो, पुढच्या हंगामात बियाणं बदलता येतं. हे झाड दोनशे वर्षं परागकण उडवणार. चुकलं तर परत बोलावणार कसं?

बुरशीमित्र

कपाशीकर, तुलना इथे पुरती बसत नाही. बीटी अळीला मारतं, म्हणून ज्या अळ्या वाचतात त्यांचीच प्रजा वाढते. गव्हाचं जनुक बुरशीला मारत नाही, फक्त तिचं आम्ल निकामी करतं. बुरशी सालीवर जगत राहते, झाडही जगतं. त्यामुळे तिच्यावर बदलण्याचा दाब बराच कमी. शिवाय हे विकर आपण पोळीबरोबर पोटात घालत आलोय, ते काही नवं विष नाही.

कपाशीकर

दाब कमी म्हणजे शून्य नव्हे. "अळीला प्रतिकार जमणार नाही" हे आम्हालाही तेवढ्याच खात्रीनं सांगितलं गेलं होतं. पोळी खाऊन काही होत नाही, मान्य. माझा प्रश्न पोटाचा नाहीच, जंगलाचा आहे.

सायलीची_आई

मूळ लेखात एक मोठी गोष्ट राहिली. ज्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशननं या झाडाला वर्षानुवर्षं आधार दिला, त्यांनीच डिसेंबर २०२३ मध्ये पाठिंबा काढून घेतला. डार्लिंग ५८ या वाणाची म्हणून ज्यांच्या चाचण्या चालल्या होत्या, ती झाडं प्रत्यक्षात डार्लिंग ५४ निघाली. या वाणात गव्हाचं जनुक वेगळ्याच ठिकाणी, झाडाच्या स्वतःच्या एका जनुकात जाऊन बसलंय. फाउंडेशनच्या म्हणण्यानुसार वाढ खुंटलेली, प्रतिकार झाडागणिक कमीजास्त, मरही जास्त. कॉलेज अजून झाडाच्या बाजूनं उभं आहे. पण इतक्या काळजीच्या कामात लेबलाची अदलाबदल वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, आणि तीच रोपं आपण डोंगरात सोडणार होतो! हे मला फार गंभीर वाटतं.

रानवाट

गंभीर आहेच. पण ती चूक एका वाणाची, पद्धतीची नाही. जनुक योग्य जागी बसलेली झाडं पुन्हा तयार करता येतील. दुसरा मार्ग काय उरलाय ते सांगा. फाउंडेशन १९८० च्या दशकापासून रोग सोसणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करतंय आणि ती संतती पुन्हा पुन्हा अमेरिकन झाडाशी जुळवतंय. दोन-तीन जनुकं प्रतिकार देतात असं सुरुवातीला धरलं होतं. पुढे कळलं की तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. झाड जितकं अमेरिकन होत जातं तितका प्रतिकार गळत जातो.

देवराईवाला

तिसरा मार्ग युरोपात घडलाय. तिथे ही बुरशी १९३८ मध्ये इटलीत जेनोव्हाजवळ आढळली. पुढे काही झाडांच्या जखमा आपोआप भरू लागल्या, कारण बुरशीलाच एक विषाणू लागला आणि ती मवाळ झाली. तिथली चेस्टनटची रानं आजही फळं देतात.

बुरशीमित्र

अमेरिकेत तो प्रयोग करून झालाय. हा विषाणू एका बुरशीतून दुसरीत जातो तो दोघींचे धागे जुळले तरच. अमेरिकेत या बुरशीचे इतके प्रकार आहेत की तो पसरतच नाही. मिशिगनमध्ये थोडं यश आलं, बाकी फारसं नाही.

दक्षिणेकडच्या राज्यांत आणखी एक अडचण आहे. तिथे फायटोफ्थोरा हा मातीतला बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो, आणि त्यावर गव्हाचं जनुक काही करत नाही. म्हणून संकर की जनुक हा वाद मला निरर्थक वाटतो. चिनी झाडाकडून मुळांची ताकद आणि गव्हाकडून सालीची, दोन्ही एकत्र लागणार.

अटलांटाकर

जे गेलं त्याच्यामागे एवढा पैसा कशाला? अ‍ॅशची झाडं आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत भुंगेऱ्यानं मरताहेत. आधी ती वाचवा.

देवराईवाला

याला माझं अनुमोदन. आणि एक जुनी चूक आठवा. रोग येतोय म्हटल्यावर लोकांनी निरोगी चेस्टनटही लाकडासाठी तोडून टाकली. त्यात एखादं मुळातच तग धरणारं झाड गेलं असेल तर ते आता कधीच कळणार नाही. घाईचा उपाय जंगलाला महाग पडतो.

रानवाट

घाई? पहिली झाडं वाळली त्याला शतक उलटून गेलं. उलट थांबण्याचीच किंमत मोजतोय आपण, कारण हे खुंटही अमर नाहीत. दर वेळी धुमारा मेला की मुळातला साठा घटतो, वरून ओक आणि मेपलची सावली. खुंट मेला की त्या डोंगराची स्थानिक जातकुळी संपली. जनुक असलेल्या झाडाचे पराग या जिवंत खुंटांच्या फुलोऱ्यावर टाकले तर निम्म्या रोपांत प्रतिकार येतो, आणि प्रत्येक रोपात निम्मं रक्त त्या त्या डोंगराचं राहतं. हे आत्ता करता येतं, खुंट गेल्यावर नाही.

कपाशीकर

हा मुद्दा मला पटला, रोपांत निम्मं रक्त जुन्या झाडांचं राहणार हे मला माहीत नव्हतं. तरी दोन अटी लागतील. आधी कुंपणातल्या बागेत झाड फळावर येऊन त्याची दुसरी पिढी पाहायची, मगच डोंगर. आणि लागवडीवर पुढची पन्नास वर्षं नजर ठेवण्याचा खर्च कोण देणार ते परवानगीच्या कागदावरच लिहायचं. आमच्याकडे बियाणं विकणारे विकून गेले, अळी मोजायला शेतकरीच उरला. डार्लिंग ५४ ला मात्र माझा विरोध कायम.