ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ आजच्या वाचकाने कसा वाचावा?

प्रश्न

निवृत्तीनंतर सवड मिळाली म्हणून ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ मूळ इंग्रजीतून वाचायला घेतला आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे पाच भाग आहेत. एकट्या अननुभवी माणसाला दिवसभरात २० टाचण्याही करता येणार नाहीत, पण कामाची वाटणी केलेले दहा जण मिळून ४८,००० टाचण्या करतात, हा सुरुवातीचा उतारा वाचताना फार आनंद झाला. पहिल्या भागाच्या अकराव्या प्रकरणात मात्र मी अडकलो आहे. जमिनीच्या खंडाविषयी लिहिता लिहिता लेखक चार शतकांतील चांदीच्या मोलाकडे वळतो आणि कितीही पाने उलटली तरी मूळ विषयावर येत नाही. शिवाय ‘कॉर्न’ या शब्दाचा अर्थ मी मका असा घेत होतो, तो संदर्भाशी जुळत नाही. ज्यांनी हा ग्रंथ पूर्ण वाचला आहे त्यांनी कृपया सांगावे : सगळे क्रमानेच वाचले पाहिजे का?

पहिला प्रतिसाद

‘कॉर्न’ म्हणजे त्या काळच्या ब्रिटनमध्ये लोकांच्या रोजच्या खाण्यातले मुख्य धान्य, मग ते इंग्लंडात गहू असो वा स्कॉटलंडात ओट. मक्याचा अर्थ अमेरिकेत रूढ झाला. ‘स्टॉक’ या शब्दाचेही असेच आहे. स्मिथच्या लेखनात तो साठवलेला माल किंवा भांडवल या अर्थाने येतो, शेअर बाजाराशी त्याचा संबंध लावू नये.

चांदीच्या विषयांतराबद्दल आपली तक्रार रास्त आहे, पण त्यामागची अडचण समजून घ्यावी. आज महागाईचा निर्देशांक आपल्याला आयता मिळतो. स्मिथकडे तसे काहीच नव्हते. अमेरिकेतील खाणींची चांदी युरोपात आल्यावर वस्तू महागल्या की चांदीच स्वस्त झाली, हे ठरवण्यासाठी त्याला विंडसरच्या बाजारातील गव्हाचे जुने भाव गोळा करून स्वतःच मोजपट्टी तयार करावी लागली. देशाची संपत्ती म्हणजे त्याच्याजवळचे सोने-चांदी, या समजुतीचे खंडन चौथ्या भागात आहे. त्यामुळे पहिल्या वाचनात हे विषयांतर सोडून द्यावे, चौथा भाग वाचावा आणि मग इकडे परत यावे. ‘अदृश्य हात’ (स्वतःचा फायदा पाहणाऱ्या माणसाकडून नकळत समाजाचेही हित साधले जाते, ही कल्पना) हा शब्दप्रयोगही त्याच भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, संपूर्ण ग्रंथात एकदाच, येतो. त्याच्या भोवती पुढच्यांनी केवढा डोलारा उभारला हे पाहिले की मूळ ग्रंथ वाचण्याची गरज अधिकच पटते.

दुसरा प्रतिसाद

भारतीय वाचकाने या ग्रंथातील बंगालविषयीचे उल्लेख शोधून, एकापुढे एक ठेवून वाचावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १७७० च्या दुष्काळाला ग्रंथप्रकाशनाच्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. चौथ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात स्मिथ म्हणतो की अवर्षणाने टंचाई आली असती, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांमुळे तिचे दुष्काळात रूपांतर होण्यास कदाचित हातभार लागला. एवढेच वाचले तर व्यापार मोकळा ठेवला असता की सारे निभावले असते, असा निष्कर्ष निघतो. मात्र पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात, मजुरीची चर्चा करताना, तो त्याच बंगालकडे दुसऱ्या बाजूने पाहतो : सुपीक आणि लोकवस्ती आधीच विरळ झालेल्या प्रदेशात वर्षाला तीन-चार लाख माणसे भुकेने मरत असतील, तर कष्टकऱ्यांना पोसणारा निधीच झपाट्याने आटत चालला आहे, असे तो लिहितो. म्हणजे धान्य बाजारात पोहोचण्याचा प्रश्न एक, आणि ते विकत घेण्याची ऐपत मजुराजवळ उरली आहे का, हा दुसरा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवरील ग्रंथात हा दुसरा प्रश्न केंद्रस्थानी आणला, आणि तो वाचलेल्या माणसाला स्मिथची आठव्या प्रकरणातील ओळ अधिक सखोल वाटते. माझ्या मते पाचव्या प्रकरणातील स्पष्टीकरण अपुरे आहे आणि ते तसे म्हणायला संकोच वाटू नये.

तिसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यान सोबत वाचावे; इंग्लंडच्या परिस्थितीवर बेतलेले सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी लागू मानण्यास त्यांनी तेथे हरकत घेतली आहे. टाचण्यांचा उतारा आवडला असेल तर पाचव्या भागातील शिक्षणाविषयीचा मजकूरही अवश्य वाचा. जन्मभर दोन-चार ठरावीक क्रिया करणाऱ्या माणसाची बुद्धी कशी गंजते, हे स्मिथने तेथे कठोर शब्दांत लिहिले आहे आणि त्यावर उपाय म्हणून सरकारने सामान्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे असे सुचवले आहे. पहिल्या भागातील कारखाना आणि हा मजकूर यांच्यामध्ये शेकडो पानांचे अंतर पडल्यामुळे बहुतेक वाचक इथवर येतच नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवे प्रकरण मी वाचले होते, तरी बंगालची ओळ नजरेतून निसटली याचे वाईट वाटते. चांदी सोडून आजच चौथा भाग सुरू करतो. माझ्याजवळची प्रत अगदी बारीक टाइपातील आहे. दुसरी कोणती आवृत्ती घ्यावी?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

एडविन कॅनन यांनी संपादित केलेली १९०४ ची आवृत्ती घ्यावी. समासात प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका ओळीत दिला असल्यामुळे लांब युक्तिवादाचा धागा सुटत नाही. डॉ. आंबेडकरांच्या रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या प्रबंधग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे कॅनन ते हेच.