हॉटेल सगळ्यात शेवटी आलं

जालन्याजवळच्या कडवंची गावातल्या द्राक्षमळ्यात आधी झकास हॉटेल काढा, वाइनचं मागाहून बघू, असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. इटलीत पेरुजाजवळ तोर्जानो गावात लुंगारोत्ती कुटुंबाने नेमका उलटा क्रम धरला. आधी जॉर्जो लुंगारोत्तींची वाइनरी. १९६८ मध्ये गावाच्या वाइनला डीओसी, म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनला मिळणारा अधिकृत दर्जा. १९७४ मध्ये जॉर्जो आणि पत्नी मारिया ग्राझिया यांनी वाइनचं संग्रहालय उघडलं, त्यात प्राचीन कुंभ आणि द्राक्षं दाबायचं जुनं अवजड लाकडी यंत्रही ठेवलं. ‘ले त्रे वासेल्ले’ हॉटेल १९७८ चं! तोवर माणसाला तिथं मुक्काम करायला कारण मिळालं होतं.

आपल्या जालन्याकडची द्राक्षं मुख्यतः खायची. मणी मोठे, बिनबियांचे. वाइनच्या जातींचे मणी बारीक, बियांचे. रेड वाइनचा रंग तर सालीतूनच उतरतो. म्हणजे लागवडच वेगळी हवी, आणि ते काही एका हंगामाचं काम नव्हे.

पण कडवंचीत पाणलोटाची कामं आणि शेततळी आहेत. दुष्काळी भागात हे मळे कशावर उभे राहिले, ते दाखवणारं दालन आधी करा. वेरूळ-अजिंठ्याचा पाहुणा त्यासाठी नक्की वाट वाकडी करील.