एसएफटीपीने बिल्ड पूर्ण चढते, तरी डिप्लॉयमेंट शेवटी ‘फेल्युअर’ देऊन थांबते

प्रश्न

नमस्कार. आमच्या पाइपलाइनमध्ये (बिल्ड, चाचणी आणि डिप्लॉयमेंट आपोआप करणारी साखळी) जावाचा प्रकल्प बिल्ड होतो, सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात आणि तयार झालेली सुमारे १८० एमबीची वॉर फाइल (जावा वेब अॅप्लिकेशनचे पॅकेज) एका प्लगइनमार्फत एसएफटीपीने (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवण्याची पद्धत) लिनक्स सर्व्हरवर पाठवली जाते. नव्या सर्व्हरवर पहिल्या खेपेस सर्व व्यवस्थित झाले. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी फाइल शंभर टक्के गेल्याचे दिसते आणि लगेच ‘४: फेल्युअर’ एवढाच संदेश येतो. तीच फाइल त्याच खात्याने माझ्या संगणकावरून ‘पुट’ केली की विनातक्रार जाते. फोल्डरला ७७७ परवानगी (सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा) देऊनही फरक पडला नाही. तीन दिवसांपासून प्रत्येक बिल्ड हातानेच चढवत आहे. नेमके कुठे पाहावे?

उत्तर १

ती ७७७ परवानगी आधी काढावी. हाच फोल्डर पुढे कधी खात्याचा क्रूट (ज्याच्या बाहेर ते खाते जाऊ शकत नाही असा फोल्डर) झाला, तर एसएसएच सर्व्हर लॉगिनच नाकारेल, कारण क्रूटची मालकी रूट या मुख्य प्रशासक खात्याकडे असावी आणि इतरांना तिथे लिहिता येऊ नये, असा त्याचा नियम आहे. आपले लॉगिन होत असल्यामुळे लॉगिनच्या कीचा (ओळख पटवणाऱ्या किल्लीचा) प्रश्न उरत नाही. (जुन्या जावा लायब्ररीला लॉगिनच जमत नसेल तर कारण बहुधा वेगळे असते: २०२१ मधील ओपनएसएसएच (एसएसएचची प्रचलित मुक्त प्रणाली) ८.८ पासून एसएचए-१ वर आधारलेली आरएसए सही, म्हणजे ओळख पटवण्याची जुनी पद्धत, डीफॉल्टने बंद आहे.) डिस्क भरल्यावरही ४ हाच क्रमांक येतो, त्यामुळे ‘डीएफ’ ही आज्ञा चालवून जागा पाहावी.

उत्तर २

परवानगी नसेल तर क्रमांक ३ येतो, फाइल सापडली नाही तर २. ज्या चुकीला स्वतंत्र क्रमांक नाही ती सगळी ४ मध्ये जाते. म्हणून संदेशापेक्षा सर्व्हरचा लॉग महत्त्वाचा. एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये एसएफटीपी सबसिस्टमच्या ओळीला ‘-एल इन्फो’ जोडून सेवा रीलोड करावी. मग कोणती फाइल उघडली, कोणती बंद झाली आणि कोणत्या क्रियेनंतर ‘फेल्युअर’ पाठवले गेले, हे ओळीने दिसेल.

माझा अंदाज नाव बदलण्याच्या टप्प्यावर आहे. अर्धवट फाइल कोणी उचलू नये म्हणून अनेक प्लगइन आधी तात्पुरत्या नावाने फाइल चढवतात आणि नंतर तिचे नाव बदलतात. एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र त्या नावाची फाइल आधीच असेल तर ‘रीनेम’ नाकारले जाते. पहिल्या खेपेस जुनी फाइल नव्हती, म्हणून ते चालले. ‘पुट’मध्ये नाव बदलणेच नसते, म्हणून तेही चालते. सर्व्हरवर नावाच्या शेवटी ‘पार्ट’ असलेली, पूर्ण आकाराची फाइल पडून आहे का?

प्रश्नकर्ता

आहे, आणि तिचा आकार बाइटपर्यंत जुळतो. लॉगमध्येही ‘रीनेम’च्या ओळीखालीच ‘सेंट स्टेटस फेल्युअर’ दिसले. आपले मनापासून आभार. आता आधी जुनी फाइल पुसून मग नाव बदलण्याचा पर्याय प्लगइनमध्ये निवडू का?

उत्तर २

टॉमकॅटचे (वॉर चालवणाऱ्या जावा सर्व्हरचे) ऑटो-डिप्लॉय, म्हणजे फाइलमधील बदल पाहून आपोआप डिप्लॉय करणे, चालू असेल तर तसे करू नये. वॉर पुसली गेल्याचे दिसताच तो चालू अॅप्लिकेशन काढून टाकतो, आणि पुढचे ‘रीनेम’ काही कारणाने अडले तर हाती काहीच उरत नाही. त्याऐवजी ओपनएसएसएचचाच एसएफटीपी क्लायंट बॅच फाइलसह (आज्ञांची यादी असलेली फाइल), म्हणजे ‘-बी’ देऊन, पाइपलाइनमधून चालवावा. सर्व्हरही ओपनएसएसएचचा असेल तर त्या क्लायंटचे ‘रीनेम’ वरील नियमाऐवजी पॉसिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे प्रमाण) पद्धतीने जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल एका झटक्यात बसवते, आणि बॅचमधील पायरी फसली तर बिल्ड तिथेच लाल होते. दोन्ही नावे एकाच फाइलसिस्टमवर असावीत.

पहिल्यांदा चालवताना पाइपलाइनच्या युजरला सर्व्हरची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) माहीत नसल्यामुळे ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ येईल. त्या वेळी तपासणी बंद करू नये. सर्व्हरच्या कन्सोलवर ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ने फिंगरप्रिंट (त्या कीची छोटी खूण) पाहून, तो जुळवूनच की नोंदवावी.