मोमोए यामागुची: गणपतीत दहा मिनिटं बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

रामबागचा_बाळ (इंदूर)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या कॉलनीच्या गणपतीत यंदा एका संध्याकाळी ‘परदेशी सूर’ ठेवलंय. ज्याने त्याने एक परदेशी कलाकार घ्यायचा, दहा मिनिटं बोलायचं, मधे गाणी वाजवायची. इंग्रजीवाले सगळे मीटिंगच्या सुरुवातीलाच उचलले गेले. मी पोहे संपवून पोचेपर्यंत माझ्या वाट्याला जपान उरला. मुलगी जपानी गाणी ऐकते, तिने नाव दिलं: मोमोए यामागुची.

वाचून काढलं ते असं. जन्म १९५९, तोक्योत, बालपण योकोसुकात. टीव्हीवरच्या ‘स्टार तान्जो!’ या स्पर्धेतून पुढे आली, मे १९७३ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा वय १४. मग गाणी, सिनेमे, मालिका, नुसता धडाका. ५ ऑक्टोबर १९८० ला तोक्योच्या बुदोकान सभागृहात निरोपाचा कार्यक्रम. शेवटचं गाणं झाल्यावर माईक स्टेजवर ठेवला आणि आत गेली. वय २१. पुढच्याच महिन्यात नट तोमोकाझु मिउराशी लग्न. त्यानंतर रंगमंचावर परत आली नाही ती नाहीच.

इथपर्यंत ठीक. आता भांडण. आमचे अध्यक्ष म्हणतात, कार्यक्रमाला नाव द्या ‘संसारासाठी सोडला सूर’. बायका रडतील, टाळ्या पडतील. मुलगी म्हणते, हे नाव दिलंत तर लॅपटॉप लावायला मी येणार नाही. (आणि लॅपटॉप तिलाच लावता येतो.) तर भिया लोक, सुरुवात कुठून करू आणि कोणती तीन गाणी घेऊ?

सुधा_ऑर्केस्ट्रावाली (इंदूर)

बाळ, अध्यक्षांना सांगा, रडवायचंच असेल तर कांदे आणा.

मी इंदुरात ऑर्केस्ट्रात गायले आहे, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. गणपतीत रोज एखादं मंडळ ठरलेलं, कधी दोन. त्यामुळे गाणं सोडणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलतात ते मला पाठ आहे. एक तर ‘बिचारी’, नाहीतर ‘शहाणी’. ती गायची कशी, हे कुणी विचारत नाही. मोमोएचंही तेच झालंय. माईक ठेवतानाची क्लिप जो तो बघतो, त्याआधीची साडेसात वर्षं ऐकायला कुणाला वेळ नाही. तुम्ही ती क्लिप दाखवूच नका. १९७६ पासून सुरू करा.

का ते सांगते. सुरुवातीची मोमोए दुसऱ्यांनी घडवलेली होती. स्पर्धेच्या वेळी एका परीक्षकाने तिला सुनावलं होतं की कुणाच्या तरी धाकट्या बहिणीची भूमिका मिळेल, गाण्याचं मात्र विसर. पहिलं गाणं बेताचंच चाललं. मग मोठ्या माणसांनी डोकं चालवलं आणि शाळकरी मुलीच्या तोंडी दुहेरी अर्थाच्या ओळी घातल्या. १९७४ च्या ‘हितो नात्सु नो केइकेन’ मध्ये ती म्हणते, मुलीजवळचं सगळ्यात मोलाचं ते तुला देईन. गाणं तुफान गाजलं, आणि चांगले बाप्ये माणसं १५ वर्षांच्या पोरीला मुलाखतीत विचारत सुटली, मोलाचं म्हणजे नक्की काय? तिचं ठरलेलं उत्तर: खरं मन. पुढे बोलायला जागाच ठेवायची नाही. माझं कौतुक इथून सुरू होतं. आमच्याकडे फर्माइशीच्या चिठ्ठ्यांत असला एखादा चावटपणा यायचाच, आणि निवेदक तो मुद्दाम माईकवर वाचायचा. काय उत्तर द्यावं ते मला कधी सुचलं नाही.

आता १९७६. र्‍यूदो उझाकी हा रॉक बँडवाला, तिच्या तोवरच्या गाण्यांच्या वाटेलाही न गेलेला. त्याच्याकडून गाणं घ्या, हे तिनेच सुचवलं. शब्द त्याच्या बायकोचे, योको आकीचे. त्यातून ‘योकोसुका स्टोरी’ निघालं, मोमोए जिथे वाढली त्या गावाचं. सुरुवातीलाच ‘कोरेक्किरी, कोरेक्किरी’: एवढंच का, संपलं का आता? शब्द रडके आहेत, पण ती रडत नाही, जाब विचारते. आवाज खालचा, ठाम. वय १७! यानंतर या नवराबायकोने तिला एकामागून एक गाणी दिली आणि ती गाण्यातली गोड मुलगी राहिलीच नाही, बाई झाली.

‘प्लेबॅक पार्ट २’ (१९७८) हेडफोन लावून ऐका. एकटी बाई लाल पोर्शे चालवतेय. चौकात शेजारचा गाडीवाला ओरडतो, आरसा घासलास. ती उलट ओरडते, मला मूर्ख समजू नकोस, चूक तुझीच. आणि गाणं थांबतं. सगळी वाद्यं गप्प. जरा थांब, आत्ताचे शब्द पुन्हा वाजव! कारण तिच्या लक्षात येतं की हेच वाक्य आपण काल रात्री त्याला ऐकवून निघालो. चार मिनिटांच्या आत अख्खी एकांकिका. अख्खा वाद्यवृंद असा एका झटक्यात थांबवणं काय असतं ते मला विचारा. आमचा ढोलकवाला एक थाप जास्त मारायचाच. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर जाहिरात चालत नाही, म्हणून तिथे ‘लाल पोर्शे’ची ‘लाल गाडी’ करावी लागली, ही गंमत जरूर सांगा. त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या ‘कोहाकु’ या स्त्री विरुद्ध पुरुष गायकांच्या कार्यक्रमात हेच गाणं घेऊन ती स्त्री गायकांच्या संघात सगळ्यात शेवटी उभी राहिली. तो मान मोठ्या, मुरलेल्या बायकांचा. ती १९ वर्षांची.

सिनेमाचंही सांगा, कारण गाण्यातलं पुष्कळसं तिकडून आलंय. ‘इझु नो ओदोरिको’ (१९७४), लेखक कावाबातांच्या कथेवरचा, तिथे मिउरा नायक. मग जोडी जमली ती जमलीच. कॅमेऱ्यासमोर चेहरा शांत ठेवायची सवय तिने स्टेजवर आणली. हातवारे नाहीत, उगाच हसणं नाही, नजर सरळ. आपल्याकडच्या मुली हल्ली ‘एक्स्प्रेशन’ देण्याच्या नादात ओळच खाऊन टाकतात, असो.

लग्नाचं आता. ऑक्टोबर १९७९ मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमात तिने स्टेजवरून स्वतः सांगितलं की माझं मिउरावर प्रेम आहे. मार्च १९८० मध्ये साखरपुडा आणि निवृत्ती दोन्ही जाहीर केलं. निरोपाच्या कार्यक्रमाआधी ‘आओई तोकी’ हे आत्मकथन आलं, त्यात वडील घरात नसलेलं बालपणही तिने झाकलं नाही, लाखोंनी खपलं. दुसऱ्या कुणी बोलायच्या आत ती बोलून मोकळी व्हायची. मला विचाराल तर तिने सोडायला नको होतं. ‘रॉक अँड रोल विडो’ ऐका, सोडायच्या वर्षातलं आहे, आवाज नुकता कुठे पिकायला लागला होता. मला अजून हळहळ वाटते. पण त्याग वगैरे शब्द तिच्या गळ्यात घालू नका. संगीतकार तिने निवडला, शेवटची तारीखही तिनेच.

पीथमपूर_ते_शांघाय

सुधाताई, वा! एक भर घालतो. मशिनरीच्या कामाने माझं चीनला जाणं होतं. तिथल्या पन्नाशी-साठीच्या माणसांसमोर हिचं नाव काढा, पण ‘मोमोए’ म्हणू नका, ‘शानकोउ बाईहुई’ म्हणा. तीच अक्षरं, चिनी उच्चार. समोरचा मॅनेजर भाव कमी करत नव्हता, पण हिच्यावर अर्धा तास बोलला! तिची ‘आकाई गिवाकु’ ही मालिका जपानात १९७५-७६ ची, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीची गोष्ट. चीनमध्ये ती १९८४ ला लागली, म्हणजे बाईंनी सगळं सोडून चार वर्षं झाल्यावर. मालिकेतल्या नायिकेच्या नावाने कपड्यांची फॅशन निघाली होती म्हणे लोक, आणि खरंच निघाली होती. जपानात संपलेली कारकीर्द शेजारी नव्याने सुरू.

सराफा_रात्री_११

सगळं छान, पण मला एक कळत नाही. ज्या गावात १९२९ ला लताबाई जन्मल्या, त्या गावात २१ व्या वर्षी दुकान बंद करणारीचं एवढं कौतुक? लताबाई म्हाताऱ्या होईपर्यंत गायल्या. कला म्हणजे टिकून राहणं ना?

सुधा_ऑर्केस्ट्रावाली (इंदूर)

सराफा, कामच वेगळं आहे हो. लताबाई पडद्यामागे उभ्या. जपानमधल्या आयडॉलने गायचं, दिसायचं, सिनेमात रडायचं, जाहिरातीत हसायचं, सगळं एकाच चेहऱ्यावर. (मिउरा पहिल्यांदा भेटला तोही ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीच्या शूटिंगला.) लताबाईंनाही मास्टर दीनानाथ गेल्यावर, १९४२ नंतर, सिनेमात छोटी कामं करावी लागली. ती रंगरंगोटी त्यांना मुळीच आवडत नसे. सुटका झाली ती पार्श्वगायनामुळे. मोमोएला तसा आडोसा नव्हता. तुलना करायचीच तर एवढी करा.

रामबागचा_बाळ (इंदूर)

ताई, उपकार झाले. ‘योकोसुका स्टोरी’ आणि ‘प्लेबॅक’ ठरलं. तिसरं? आणि आता ती काय करते, हे लोक विचारणारच.

सुधा_ऑर्केस्ट्रावाली (इंदूर)

तिसरं ‘कॉसमॉस’, १९७७. मासाशी सादाने लिहिलेलं. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी, अंगणात फुलं, आई एकदा खोकते, मग अल्बम उघडून लहानपणीची तीच ती आठवण पुन्हा सांगते. ओळींचा अर्थ आधी मराठीत वाचून दाखवा, मग वाजवा. अध्यक्ष म्हणतात त्या बायकांना यात हवं तेवढं रडता येईल, आणि तेही गाण्यावर.

आता ती कापडाचे तुकडे जोडून क्विल्ट शिवते. २०१९ ला त्यांचं पुस्तकही निघालं. दोन मुलगे, एक गातो, एक नट आहे. एवढं पुरे, त्यांच्या घरात फार शिरू नका.

रामबागचा_बाळ (इंदूर)

ठरलं. नाव ‘योकोसुकाची मोमोए’. मुलगी लॅपटॉप लावणार. अध्यक्ष जरा घुश्शात आहेत, त्यांना आरतीनंतर गाठतो.

सुधा_ऑर्केस्ट्रावाली (इंदूर)

आणि साउंडवाल्या पोराला आदल्या दिवशीच गाणं ऐकवून ठेवा. ‘प्लेबॅक’ मधे थांबलं की तो वायर हलवायला धावेल.