2 लाख 40 हजार किमी, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 118. इंजिन खोलायचंच का?

जुनीगाडी:
पेट्रोल, चार सिलिंडर, आधीच्या मालकाने बरीच वर्षं गॅसवर चालवलेली. आयडलिंगला थरथरते, 2000 आरपीएमच्या वर गेली की एकदम गप्प. प्लग नवे टाकले, तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहिली, तरी मिसिंग (सिलिंडर नीट न पेटणं) तिसऱ्यावरच. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते मोजायचा गेज लावला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद:

कोरडं: 165, 160, 118, 162 पीएसआय
चमचाभर ऑइल टाकून: 178, 172, 121, 175

मेकॅनिक म्हणतो, "एवढं रनिंग झालंय, रिंगा गेल्या, बोअर करून पिस्टन टाकू." म्हणजे पिस्टनभोवतीच्या गळती अडवणाऱ्या कड्या झिजल्या, सिलिंडर कापून मोठा करायचा. पण ऑइल तर गाडी खातच नाही, दोन सर्व्हिसच्या मध्ये वरून घालावं लागत नाही. रिंगा गेल्या म्हणायच्या कशा?

चौथागिअर:
एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला होता ना? थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि चारही आकडे उगाच कमी येतात. बॅटरीही बघा, शेवटच्या सिलिंडरपर्यंत दमली तर तो आकडा खोटा.

टॅपेटवाला:
चौथागिअर, तसं असतं तर तिसरा एकटाच कशाला पडला असता? चौथ्याला पुन्हा 162 आहेच की. टेस्ट बरोबर झालीय.

जुनीगाडी, तुमचं उत्तर दुसऱ्या ओळीत आहे. ऑइल टाकलं की ते रिंगांच्या भोवती बसतं आणि तिथली गळती थोडा वेळ बंद करतं. रिंगा गेल्या असत्या तर 118 चे 150 तरी झाले असते. तुमचे झाले 121. बाकीचे तिन्ही बारा-तेराने वाढले, तेवढं चांगल्या इंजिनातही वाढतं. म्हणजे तिसऱ्याची हवा खालून नाही, वरून जातेय. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) दोन सिलिंडरच्या मध्ये फुटलं असतं तर शेजारचा दुसरा किंवा चौथाही पडला असता. उरला व्हॉल्व्ह, आणि बहुतेक एक्झॉस्टचाच.

रेव्ह वाढले की मिसिंग जातं ना, तेही याच्याशी जुळतं. इंजिन जोरात फिरतं तेव्हा हवेला निसटायला वेळच मिळत नाही.

नुसत्या 118 ला घाबरू नका. आकड्यापेक्षा फरक बघायचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत 10-15 टक्क्यांपर्यंत चालतं, तुमचा 28 च्या वर आहे. चारही 135 असते तर मी रिंगांवर आलो असतो, किंवा टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ) एखाद्या दाताने सरकलंय का ते आधी बघितलं असतं.

आता हेडला हात लावायच्या आधी टॅपेट कव्हर उघडा आणि थंड इंजिनवर फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून व्हॉल्व्हचा गॅप बघा, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट. गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी कमी होत जातो. गॅप वाढला तर टकटक ऐकू येते. कमी झाला तर उलट इंजिन शांत वाटतं आणि कुणी बघतच नाही! गॅप संपला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि न बसलेला व्हॉल्व्ह जळतो. (हायड्रॉलिक, म्हणजे गॅप आपोआप जुळवणारे टॅपेट असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.)

रिंगपिस्टन:
मी मेकॅनिकच्या बाजूने. वरचं काम करून हेड टाइट केलंत की जुन्या रिंगांवर प्रेशर येतं आणि सहा महिन्यांत धूर सुरू. खोललंच आहे तर सगळं करून टाका.

टॅपेटवाला:
हे प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतं. रिंगा आधीच अर्ध्या गेलेल्या असतील तर खरंही ठरतं. पण तीन सिलिंडर 160 किंवा त्याच्या वर, ऑइल खात नाही, धूर नाही. अशा इंजिनाचं बोअर कशासाठी करायचं? तिसऱ्याच्या रिंगांनाही पूर्वी हेच प्रेशर होतं.

जुनीगाडी:
कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात पातळ पातं, 0.05 मिमीचं, तेही जात नाही. बाकीचे एक्झॉस्ट 0.20 च्या आसपास, मॅन्युअलमध्ये 0.30. सगळे सेट केले. तिसरा आता 127. मग पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. सायलेन्सरच्या तोंडाशी स्पष्ट फुस्स. ऑइल फिलरपाशी जेमतेम, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

टॅपेटवाला:
मग व्हॉल्व्ह जळलाय, सेटिंगने भरून येणार नाही. हेड उतरवा, पिस्टन जागेवर राहू द्या. तो व्हॉल्व्ह नवा, सीट कटिंग, बाकीच्यांना लॅपिंग (सीटवर घासून नीट बसवणं), व्हॉल्व्ह सील सगळे नवे, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का ते पट्टी लावून तपासा. गाइडमध्ये (व्हॉल्व्ह सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह हलतोय का तेही बघायला सांगा, नाहीतर नवी सीट पुन्हा जाईल. मेकॅनिकला पटत नसेल तर हेड उतरल्यावर तिसऱ्याच्या बोअरवरून नख फिरवायला सांगा. नख अडलं तर त्याचं खरं. हेड बोल्ट एकदाच वापरायचे आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, तसे असतील तर आधीच आणा.